कीकवरची नाव

“काका, खरं सांगा, हा केक आजचा आहे, की मागच्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा उरलाय?”

विचारून झाल्यावर थोरलीने दोन्ही कोपरं काउंटरवर टेकवली आणि चेहरा सरळ ठेवला. पैजेची अटच तशी होती. शनिवारच्या भरगच्च बेकरीत विचारायचं, मोठ्याने विचारायचं आणि विचारताना हसायचं नाही. काचेच्या दाराबाहेर तिच्या दोघी मैत्रिणी नाकं चिकटवून उभ्या होत्या. त्यांतल्या एकीला सगळा वर्ग बातमी म्हणत असे, कारण तिला कळलेली गोष्ट मधल्या सुट्टीपर्यंत शाळेच्या पाण्याच्या टाकीलासुद्धा कळलेली असे. बातमीच्या श्वासाने काचेवर धुक्याचा एक गोल उमटला होता.

बेकरीवाल्याने पेन्सिल थांबवली. ऑर्डरच्या वहीत त्याने लिहिलं होतं: एक किलो, उद्या, संध्याकाळी पाच. पुढे छापील रकाना होता, ‘केकवर नाव’. तिथे काय लिहू म्हणून त्याने मघाशी विचारलं, तेव्हा ती म्हणाली होती, “नाव घालू नका, होडी करा,” आणि त्याने मुकाट्याने तिथे आडवी रेघ ओढली होती.

“ताजा पाहिजे?” त्याने विचारलं.

“हो.”

“अगदी ताजा?”

“अगदी.”

त्याने वहीचं पान फाडलं, चार घड्या घातल्या आणि तिच्या हातात दिलं. “मग घरीच कर. घरच्याइतका ताजा माझ्याकडे कुठला? पुढचे कोण?”

रांगेत हशा पिकला. गेल्या वर्षापर्यंत ती अशा वेळी कानापर्यंत लाल होऊन पळाली असती. गेल्या वर्षापर्यंत हजेरी देतानाही तिचा आवाज पहिल्या बाकाच्या पलीकडे जात नसे. पण यंदा दहावीत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं, आणि त्या दिवशी जो आवाज सापडला तो तिने अजून खाली ठेवला नव्हता.

“करतेच!” ती म्हणाली. “आणि तुमच्यापेक्षा चांगला करते.”

“कर हो,” बेकरीवाला पाठमोराच म्हणाला. “अंडी फोडताना मात्र एवढं बोलू नकोस, टरफल पडतं.”

बाहेर दोघी मैत्रिणी पोट धरून हसत होत्या. निम्मा रस्ता सरेपर्यंत तीही हसली. मग चौकात ती एकदम थबकली. उद्या शेपटाचा वाढदिवस होता आणि केक नव्हता.

शेपूट म्हणजे धाकटी बहीण. थोरलीनंतर तब्बल नऊ वर्षांनी आली आणि पाय फुटल्यापासून थोरलीच्या मागे मागेच राहिली. थोरली आंघोळीला गेली की ती दाराशी बसायची. थोरली अभ्यासाला बसली की ही टेबलाखाली. म्हणून शेपूट. आई, बाबा, आत्या, शेजारी, सगळे तिला शेपूटच म्हणत.

“तुला केक येतो?” बातमीने विचारलं.

“येईल.”

“आणि वर होडी?”

“मग? तिने मागितलीये.” थोरलीने दप्तराच्या आतल्या कप्प्यातून चिठ्ठी काढली. दोन दिवसांपूर्वी शेपटाने ती तिच्या हातात कोंबली होती. ‘ताईनेच उघडायची’ असं बजावून, आणि चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून. आत दुरेघी वहीचा कागद होता. त्यावर एकेक अक्षर बोराएवढं:

*कीकवर माझी नाव पाहिजी. मोठी.*

खाली चित्र. एक रुंद पसरट वाडगा, त्याच्या पोटावर बारीक रेघोट्या, त्यातून वर गेलेली एक काठी आणि काठीच्या टोकाला फडफडणारं काहीतरी.

“कीक!” बातमी किंचाळली. “पाहिजी! अगं, पहिलीतल्यांना शिकवतात काय हल्ली?”

“तिचं शुद्धलेखन म्हणजे आनंद आहे.”

“पण नाव म्हणजे नाव ना? नाव, नाव?”

थोरली थांबली. व्याकरणात तिला पैकीच्या पैकी होते आणि ही गोष्ट अजून ज्या कुणाला ठाऊक नसेल त्याला ती सांगायला तिची कधीच ना नसे. “माझे नाव, नपुंसकलिंग. माझी नाव, स्त्रीलिंग. माझी नाव, मोठी. एकदा नाही, दोनदा स्त्रीलिंग आहे. म्हणजे होडी. शिवाय चित्रही काढलंय. डोलकाठी, त्यावर निशाण. आता यात शंका कसली?”

शंका घ्यायला जागाच उरली नाही. बातमीने हात जोडले.

घरी आई मशीनवर होती. शाळेच्या गणवेशांचं शिवणकाम ती घरी आणायची, आणि सोमवारी द्यायचे चाळीस झगे तिच्याभोवती निळ्या डोंगरासारखे साचले होते. बाबा जमिनीवर वर्तमानपत्र पसरून कुणाचा तरी मिक्सर उघडून बसले होते. त्यांच्या हातून अख्ख्या वस्तीतले मिक्सर चालू झाले होते. घरचा तेवढा गेल्या उन्हाळ्यापासून तीन तुकड्यांत माळ्यावर पडला होता.

थोरलीने सगळं सांगितलं. पैजेचं सोडून सगळं. मग आईने नुसतंच बघितलं, म्हणून पैजेचंही सांगितलं.

“तुझ्या जिभेला हाड आहे का गं?” आईने मशीनचा पाय थांबवला. “सहा वर्षांची पोर. महिनाभर बोटांवर दिवस मोजतेय. आणि तू तिचा केक कुणाला तरी हसवायला घालवून बसलीस?”

“मी करते ना. घरी करते. होडीसकट.”

“साधा भात लावताना तुला दोनदा हाक मारून विचारावं लागतं.”

“अगं, करेल ती,” बाबा स्क्रूड्रायव्हर तोंडात धरून म्हणाले. “आपली पोरगी नाव काढणार बघ.”

“काढणार नाही, बनवणार,” थोरली म्हणाली. बाबा एवढे हसले की एक स्क्रू गडगडत कपाटाखाली गेला, आणि तो शोधण्यात आईचा राग थोडा मागे पडला.

सामान आणून थोरली परतली, तेव्हा शेपूट जिन्यात वाट बघत बसली होती. थोरलीचा जुना राखाडी स्वेटर तिच्या गुडघ्यांपर्यंत आला होता. बाह्या तीनदा दुमडलेल्या. गळ्याच्या आतून लाल दोऱ्याने भरलेलं थोरलीचं नाव बाहेर डोकावत होतं. शाळेत वस्तू हरवतात म्हणून आईने ते काम फार मन लावून केलं होतं. स्वेटरवर दुहेरी टाका, दप्तरावर कापडी पट्टी, डब्यावर आणि बाटलीवर बाबांनी तापलेल्या सळईने कोरलेली अक्षरं. नऊ वर्षं सगळं जपून ठेवलेलं, आणि एकाही वस्तूवरचं अक्षर पुसट झालेलं नाही. “घरातलंच तर नाव आहे,” आई म्हणायची, “परक्याचं आहे का?”

मागच्याच आठवड्यात शेपटाची बाटली मैदानावर राहिली, तर शिपाईमामा ती घेऊन थेट दहावीच्या वर्गात आले. भर तासात गुलाबी सशाची बाटली बाकावर आली. वर्ग फुटला. मधल्या सुट्टीत थोरली पहिलीच्या वर्गावर गेली, बाटली बहिणीच्या पुढ्यात आपटली आणि म्हणाली, “माझी अब्रू काढू नकोस. वस्तू सांभाळता येत नाहीत?” शेपूट नुसती बाटलीवरच्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली होती.

“ताई, चिठ्ठी वाचलीस?”

“वाचली.”

“जमेल?”

“जमेल म्हणजे? बघच तू.”

“चुकणार नाही ना?” शेपटाने आवाज अगदी खाली आणला. “अवघड असतं. आमच्या बाईंनासुद्धा येत नाही.”

“तुमच्या बाईंना कशाला यायला पाहिजे?” थोरली म्हणाली आणि दोन दोन पायऱ्या गाळत वर गेली. करायची यादी तिच्या डोक्यात आत्ताच भांडायला लागली होती.

रविवारी सकाळी आत्या येऊन शेपटाला घेऊन गेली. पाच वाजता परत आणते म्हणाली. नऊ वाजता थोरलीने केस वर बांधले, ओटा पुसला आणि स्वतःलाच मोठ्याने सांगितलं, “सोपं आहे.”

साडेनऊला ती पिठीसाखर करण्यासाठी साखर लाटण्याखाली चिरडत होती. मिक्सर माळ्यावर होता ना. दहाला लोणी आणि साखर हाताने फेटताना तिचा खांदा उखडायला आला. सव्वादहाला चौथ्या अंड्याचं टरफल भांड्यात पडलं, आणि बेकरीवाल्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. ते टरफल तिच्या बोटाला हुलकावण्या देत भांडंभर पोहत राहिलं.

“बाबा! अख्ख्या गावाचे मिक्सर नीट करता, आपला का नाही?”

“आपला घरातच असतो ना. त्याला कुठे घाई आहे?”

“मला आहे!”

बाबांनी मिक्सर खाली काढला, खरंच काढला, आणि अर्ध्या तासात त्याचे तीन तुकड्यांचे सात तुकडे केले. मग त्यांनी कोपऱ्यातला गोल ओव्हन पुढे ओढला. “हा मात्र एकदम तयार आहे. मीच दुरुस्त केलाय.” ओव्हन तयार होता, पण त्याची तार एकाच बाजूला तापायची. पहिला केक थोरलीने सात वेळा झाकण उघडून बघितला. आठव्या वेळी तो मधून खचला, जणू त्याच्यावर कुणी बसून उठलं होतं. दुसऱ्या वेळी तिने झाकणाला हातही लावला नाही. तो फुगला, पण डावीकडे चार बोटं आणि उजवीकडे एक. बाहेर काढला तेव्हा ताटात केक नव्हता, घसरगुंडी होती.

“समुद्राची लाट म्हण,” बाबा म्हणाले.

“बाबा, प्लीज.”

“भरतीची.”

तिने डोळे मिटून दहा आकडे मोजले. सहापर्यंतच पोहोचली. तेवढ्यात आईने आतून ओरडून विचारलं की जळल्याचा वास कशाचा येतोय. वास पहिल्या केकच्या कडांचा होता. त्या खरवडून, मधला भाग कापून तिने होडीचा सांगाडा केला. हे मात्र छान जमलं. पसरट बूड, दोन्ही टोकं वर उचललेली. त्यावर तिने कोको घातलेलं क्रीम थापलं आणि काट्याने लाकडाच्या रेघा ओढल्या. पहिल्यांदाच तिला वाटलं की आपण खरोखर हुशार आहोत.

मग समुद्र. लोण्याच्या क्रीममध्ये निळ्या रंगाचे थेंब घातले. क्रीम हिरवं झालं. अजून घातले. अजून हिरवं झालं. अर्धी बाटली रिकामी केली, तेव्हा भांड्यात शेवाळ धरलेल्या डबक्याचा रंग तयार झाला होता.

“निळं लिहिलंय! बाटलीवर निळं लिहिलंय, मग हे हिरवं कसं?” तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आलं म्हणून तिला आणखी राग आला.

आई मशीन सोडून आली. गळ्यात टेप, दातांत टाचणी. तिने भांड्यात बघितलं. “लोणी पिवळं आहे ना बाई. पिवळ्यात निळं घातलं की काय होतं?”

“हे तू आधी नाही का सांगायचंस?”

“मला चाळीस झगे आहेत. तू विचारलंस का?”

मग आईने बोट बुडवून चाखलं. “चव चांगली आहे,” ती म्हणाली, आणि तिच्याकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

शीड सर्वांत छळवादी निघालं. स्ट्रॉची डोलकाठी रोवली की होडीला भेग पडायची. कागदाचं शीड चिकटवलं की क्रीम शोषून ते मऊ पडायचं आणि मान टाकायचं. चार वाजले. तिसऱ्यांदा ते पडलं तेव्हा थोरलीने ते चोळामोळा करून भिंतीवर मारलं आणि ओट्याखाली जमिनीवर बसली. नाकावर कोको, केसांत मैदा, हिरवा कान.

“बेकरीवाल्याची माफी मागू का जाऊन?”

“आता?” आई म्हणाली. तिने उरलेल्या पांढऱ्या कापडाचा तुकडा आणला, तिरका कापला, स्ट्रॉला दोन टाके घालून शिवला आणि ओल्या हाताने ताणून सरळ केला. शीड उभं राहिलं. आईने होडीकडे जरा वेळ बघितलं. “तिला होडी केव्हापासून आवडायला लागली गं? मला कधी बोलली नाही.”

“चिठ्ठीत लिहिलंय. स्त्रीलिंगात.”

“असेल बाई,” आई म्हणाली आणि झग्यांकडे परत गेली.

पाचला पाच मिनिटं कमी असताना सगळं तयार होतं. घसरगुंडीचा उंच भाग लाट झाला होता, लाटेवर होडी स्वार होती, डबक्याच्या रंगाचं पाणी जवळून बघितलं नाही तर समुद्रासारखं दिसत होतं. मैत्रिणी आल्या. बातमी केकभोवती फिरली आणि फिरता फिरता गप्प झाली. असं तिच्या बाबतीत कुणी कधी बघितलं नव्हतं.

“तू केलंस? तूच?”

“मग काय, काकांनी?” थोरलीने हिरवा कान पुसला. सकाळपासूनचा सगळा वैताग एका क्षणात कुठल्या कुठे गेला. आता फक्त एक चेहरा बघायचा राहिला होता.

शेपूट आत्याचं बोट धरून आली. दारातच तिने बोट सोडलं, टेबलापाशी धावली आणि पायाच्या चवड्यांवर उभी राहिली. तिने केक बघितला. मग ती डाव्या बाजूला गेली. मग मागे. मग वाकून होडीच्या पलीकडच्या अंगाला डोकावली, ताटाची कड बघितली, आणि पूर्ण फेरी मारून पुन्हा पहिल्या जागी आली.

“मस्त आहे,” ती म्हणाली. पाहुण्यांकडे असताना, नको असलेला पदार्थ वाढल्यावर बोलायला शिकवलेल्या आवाजात म्हणाली.

“मस्त? अगं, नुसती मस्त? शीड बघ! रेघा बघ!”

“होडी कुणाची आहे?”

“कुणाची म्हणजे? तुझी!”

शेपटाने तिच्याकडे मान वर करून बघितलं. त्या बघण्यात हट्ट नव्हता, रुसवाही नव्हता. तिला खरोखरच माहिती हवी होती.

“कशावरून?”

आत्या हसली. बाबाही हसले. शेपटाने स्वेटरच्या दुमडलेल्या बाहीने नाक पुसलं आणि शहाण्यासारखी खुर्चीवर जाऊन बसली.

थोरली आतल्या खोलीत गेली. दप्तरातून चिठ्ठी काढली आणि खिडकीशी धरली.

*कीकवर माझी नाव पाहिजी. मोठी.*

कीक. ‘क’च्या डोक्यावरून निघालेली मात्रा थांबायची विसरली होती आणि उजवीकडून घसरत थेट खालच्या रेघेपर्यंत येऊन टेकली होती. पाहिजी. तिथेही तसंच. ही दोन्ही बघून ती चौकात उभी राहून हसली होती. मग तिने ‘माझी’ बघितलं. ‘मोठी’ बघितलं. तीच घसरलेली मात्रा, त्याच वळणाची, चारी ठिकाणी. दोन ठिकाणी तिने चूक म्हणून सोडून दिली होती आणि दोन ठिकाणी व्याकरण म्हणून डोक्यावर घेतली होती.

चित्रातला वाडगा वाडगा नव्हता. तो केक होता. काठी मेणबत्ती होती, आणि निशाण नव्हतं ते, ज्योत होती. केकच्या पोटावर पेन्सिलीच्या बारीक रेघोट्या होत्या. त्या तिने फळ्या समजून काट्याने होडीवर उतरवल्या होत्या. आता नीट बघितलं तर ती तीन अक्षरं होती आणि त्यांतलं मधलं जोडाक्षर. चारदा खोडून पाचव्यांदा लिहिलेलं.

ती बाहेर आली तेव्हा बाबा काडेपेटी शोधत होते.

“थांबा. मेणबत्ती नका लावू.”

“आता काय राहिलं?” आईने विचारलं.

थोरलीने होडीच्या बुडाखाली सुरी घातली, दुसऱ्या बाजूने उलथनं घातलं आणि दिवसभराचं ते काम, शिडासकट, रेघांसकट, एका हिसक्यात वर उचललं. बातमीने “अगं, अगं!” केलं. डोलकाठी कलली, आईचे टाके मात्र सुटले नाहीत. होडी तिने बातमीच्या हातांत दिली.

“हे काय? काढलीस?”

“काढली.”

“म्हटलं नव्हतं मी,” बाबा म्हणाले, “नाव काढणार म्हणून?” पण या वेळी हसताना त्यांनी थोरलीचा चेहरा बघितला आणि ते मध्येच थांबले.

तिने सुरीने समुद्र सपाट केला. प्लास्टिकच्या पिशवीत उरलेलं कोकोचं क्रीम भरलं, पिशवीचं टोक दातांनीच तोडलं, आणि घसरगुंडीच्या उंच टोकावर पहिलं अक्षर काढलं. मोठं. इतकं मोठं, की जोडाक्षराला जागा अपुरी पडणार हे तिला दुसऱ्या अक्षराच्या आधीच कळलं. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. शेपूट येऊन टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून उभी राहिली होती. श्वास रोखून.

“आधी अर्धं,” ती कुजबुजली. “मग पूर्ण. बाई उलटं लिहितात.”

“माहितीये मला.”

“मग हळू काढ.”

थोरलीने हळू काढलं. आधी अर्धं, मग पूर्ण. तिसरं अक्षर उताराला लागलं, कडेवरून वळलं आणि त्याचा काना ताटात उतरला. वरची रेघ डोंगरातल्या रस्त्यासारखी वाकडी गेली. बेकरीवाल्याने बघितलं असतं तर त्याने पेन्सिल कानामागून काढून कायमची खाली ठेवली असती.

शेपटाने बोट हवेत धरलं आणि क्रीमला न लावता अक्षराअक्षरावरून नेत वाचलं. एकदा. मग पुन्हा, या वेळी मोठ्याने. त्या घरात कित्येक दिवसांत कुणी ते नाव मोठ्याने उच्चारलं नव्हतं. आईने हातातली सुई झग्याला टोचली आणि तशीच ठेवली.

“आता हा तुझ्या वर्गात नाही येणार,” शेपूट थोरलीला म्हणाली.

“काय?” आत्याने विचारलं. “केक कशाला वर्गात जाईल?”

बातमीने होडीचं एक टोक तोडून तोंडात टाकलं होतं, पण ती चावायची थांबली. बाबांनी काडेपेटी उघडली आणि परत बंद केली. केकच्या कडेवरून तिसऱ्या अक्षराचा काना हळूहळू आणखी खाली येत होता, आणि शेपटाने तो अडवायला ताटाशी करंगळी धरली होती.

थोरलीने पिशवी ठेवली. हात स्कर्टला पुसले, ते आणखी बरबटले.

“आई, बाबा, मी ठरवलंय,” ती म्हणाली. आवाज तिने मुद्दाम चढवला नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेला. “तो स्वेटर काढ गं, इकडे दे. आई, तुझी बारीक कात्री कुठंय?”

“कशाला?”

“त्यावरचं माझं नाव उसवते. केक कापायच्या आधी.”

“अगं, दुहेरी टाका आहे तो. निघायचा नाही.”

“निघेल. नाही निघालं तर गळा कापून नवा लावीन, तू शिकव. उद्या दप्तर. बाबा, डबा आणि बाटली तुमच्याकडे, आणि घरातली वस्तू म्हणून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ठेवायची नाही. आणि आजपासून हिला शेपूट म्हणायचं नाही. कुणीच. मीसुद्धा.”